उबाळे बाई आणि एक जून

परतूरच्या आमच्या शाळेत मी एकतीस वर्षं क्लार्क होतो. या एकतीस वर्षांत कितीतरी शिक्षक आले आणि गेले. काही माझ्याशी भांडले, काही माझ्या पाठीमागे बोलले, ते चालायचंच. पण रुजू व्हायच्या पहिल्याच दिवशी समोर बसून, माझाच चहा पीत, मला कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं. तो मान उबाळे बाईंचा.

बाई खेळाच्या शिक्षिका म्हणून आल्या. हजेरीपत्रकावर सही केली आणि म्हणाल्या, "जनरल रजिस्टर दाखवा." शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख ज्यात चढवतात ते हे जाडजूड रजिस्टर. खेळाच्या शिक्षिकेला त्याच्याशी काय देणंघेणं? पण माझ्या अक्षराचा मला भारी गर्व, म्हटलं बघू देत. बाईंनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि बोट ठेवलं.

"कुलकर्णी भाऊ, ह्या पानावर पंचवीस लेकरं हायेत. त्यातली एकोणीस एक जूनला जल्मली. परतुरात एक जूनला लेकरांचं पीक निघतं का काय?"

"बाई, तशी पद्धतच आहे," मी म्हटलं.

"पद्धत न्हाई, खोटारडेपणा हाये." बाईंनी बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला. "अक्षर मात्र झकास."

आता यात माझा काय दोष? खेड्यातून आई लेकराला बोटाला धरून यायची. दाखला नसायचा. तारीख विचारली की म्हणायची, "तुमीच लिव्हा सायेब चांगली पाहून." पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, मग आम्ही सहा वर्षं मागं मोजायचो आणि एक जून टाकून मोकळे व्हायचो. माझ्या आधीच्या क्लार्कनं तेच केलं, त्याच्या आधीच्यानंही तेच. खुद्द माझा जन्म मार्गशीर्षातला, पण कागदावर मीही एक जूनचाच! हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की हेडमास्तर केबिनमधून बाहेर आले.

बाई जाफराबादकडच्या. उंची चार फूट दहा इंच. "अन् अकरावा इंच शिट्टीचा," असं त्या स्वतःच म्हणायच्या. सहावारी साडी वर खोचलेली, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी शिट्टी. असल्या अवतारात ही बाई शिकवणार काय, तर बास्केटबॉल! आमच्या गावात तोवर कबड्डी आणि खो-खो सोडून कुणाला काही माहीत नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी विचारलंच, "बाई, तुमची उंची पाहता खो-खो बरा नाही का?"

"भाऊ, तुमी ड्रायव्हर पाहून बसमधी बसता का? बस चालवता आली म्हंजी झालं."

मैदानावर दोन पोल उभे करायचे ठरले. वेल्डिंगवाल्याकडे पाइप कमी पडला, त्यामुळे एक पोल बराबर झाला आणि दुसरा हातभर बुटका. हेडमास्तर संतापले, तोडून नवा करा म्हणाले. बाई मात्र खूश. त्यांनी तिथल्या तिथं कायदा जाहीर केला की बारा वर्षांच्या खालच्यांनी बुटक्या पोलवर खेळायचं, वरच्यांनी उंच पोलवर. आणि हा कायदा त्यांनी असा चालवला की विचारू नका. सगळ्या लेकरांचा डोळा उंच पोलवर. रोज कुणीतरी यायचं, "मॅडम, मला कालच बारा पुरी झाली." बाई म्हणायच्या, "थांब, वही पाहू दे."

ही वही म्हणजे बाईंचा जीव की प्राण. माझ्या रजिस्टरवर भरवसा नाही म्हणून त्यांनी स्वतःची वही केली होती. नव्या मुलाच्या घरी जायच्या, आईजवळ चुलीपाशी बसायच्या आणि विचारायच्या, "हा जल्मला तवा शेतात काय उभं होतं?" तारीख कुठल्याच आईला सांगता यायची नाही, पण हे मात्र फडाफडा सांगायच्या. तूर शेंगेला आल्ती. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. नणंदेच्या हळदीच्या दिवशी कळा सुरू झाल्या. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. बाई हे सगळं लिहून आणायच्या आणि माझ्या टेबलावर आदळायच्या.

"भाऊ, तुमच्या घरी जुनी पंचांगं असतील. काढा."

होती ना. आमच्या वडिलांनी एकही पंचांग टाकलेलं नव्हतं. आधी मी कुरकुर केली, की मला काय दुसरी कामं नाहीत! पण पुढंपुढं मलाच चटक लागली. रविवारी दुपारी जेवण झालं की मी पंचांगं पसरून बसायचो आणि तिथीवरून तारीख काढायचो. आमची ही म्हणायची, "इतकं मन लावून लेकीची पत्रिका नाही पाहिलीत." सण आणि तिथी आईकडून यायची, साल मात्र माझ्या रजिस्टरवरून घ्यायचं. माझी तेवढी एक गोष्ट बाईंनी खरी मानली होती.

खरा वाढदिवस सापडला की तो मैदानावर साजरा व्हायचा. केक नाही, फुगे नाहीत. जितकं वय तितक्या बास्केट टाकायच्या. बाकीच्या पोरांनी गोल करून ओरडत मोजायचं. एका दहा वर्षांच्या पोराला दहा पूर्ण करायला दीड तास लागला, तोवर कुणी घरी गेलं नाही. शेवटची पडली तेव्हा त्या पोरापेक्षा बाईच जास्त उड्या मारत होत्या. एवढ्याशा बाई, पण उडी मारली की दप्तरांवरची धूळ उडायची.

वयाच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नसत. मोठ्या स्पर्धांत वय चोरणारे संघ सगळीकडे. एकदा जालन्याला सतरा वर्षांखालच्या मुलांची जिल्हा स्पर्धा होती. हेडमास्तरांनी मला हिशोबनीस म्हणून सोबत पाठवलेलं. समोरच्या संघात एक गडी असा की बारीक कातरलेली मिशी, गालावर निळी छटा. आमची पोरं घाबरली. बाई थेट त्याच्यापाशी गेल्या, खांद्यावर हात पोचत नव्हता म्हणून कोपरावर ठेवला आणि एकदम मायेनं विचारलं, "बाळा, तुझं लेकरू कितवीत हाये?"

तो बिचारा सवयीनं बोलून गेला, "अजून बालवाडीत हाये मॅडम, पुढल्या साली पहिलीत टाकतो."

सगळं मैदान हसलं. त्याचा मास्तर कुठं पाहावं ते न कळून बुटाची नाडी बांधत बसला. बाईंनी तक्रार केली नाही, अर्ज नाही, आरडाओरडा नाही. फक्त म्हणाल्या, "बाप माणसानं बाहेर बसून पाहायचं असतं रे. ये इकडं." त्याला आमच्या बाकावर बसवलं आणि हातात शेंगदाण्याची पुडी दिली. आणि गंमत अशी की तो गडी शेवटी आमच्याच पोरांना ओरडून ओरडून शिकवत होता. आम्ही हरलो ती गोष्ट वेगळी. परतीच्या एसटीत बाई गाणी म्हणत होत्या.

मग आली कांचन.

परतूरपासून सहा-सात किलोमीटरवरच्या खेड्यातली पोरगी. पहिलीपासून आमच्याच शाळेत, पण आठवीत एकाएकी वाढली आणि वाढतच गेली. अकरावीत पाच फूट अकरा इंच. वर्गात ती मागच्या बाकावर गुडघे वर घेऊन बसायची, गावातल्या बाया म्हणायच्या, "माय, हिला साडी कोण पुरवंल?" त्यामुळे खांदे पाडून चालायची सवय लागली होती. बाईंनी ती मोडली. रोज सकाळी तिच्यासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "माझ्याकडं वाकून पाहू नको. मी वर पाहते, तू सरळ पाह्य." उंच पोरगी ताठ आणि बुटकी बाई मान वर करून, असा तो देखावा मी ऑफिसच्या खिडकीतून रोज बघायचो.

त्या वर्षी हिवाळ्यात आमच्या मुली सतरा वर्षांखालची राज्य स्पर्धा जिंकून आल्या. परतूरच्या शाळेनं राज्याचा कप आणायचा म्हणजे काय! स्टेशनपासून मोंढ्याच्या धान्यबाजारापर्यंत ट्रॅक्टरमधून मिरवणूक निघाली. अडत्यांनी गुलाल उधळला. बाई ट्रॉलीत कपाच्या शेजारी उभ्या होत्या, तरी खालून फक्त कपच दिसत होता. तो कप हेडमास्तरांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात ठेवला. त्याच्यावरची धूळ बाई स्वतः पुसायच्या, शिपायाला हात लावू द्यायच्या नाहीत. लेकराला आंघोळ घालावी तशा पुसायच्या.

पुढच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि पुण्याहून दोघं जण आले. मुलींची नवी व्यावसायिक लीग निघाली होती, तिच्यातल्या एका संघासाठी खेळाडू शोधत होते. कांचनला दोन तास खेळताना पाहिलं आणि जागेवरच म्हणाले, "ही आम्हाला हवी." फॉर्म काढला. आणि तिथंच घोडं अडलं. करार करायचा तर खेळाडूला निवडीच्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण पाहिजेत. माझ्या रजिस्टरप्रमाणे कांचनला अठरा व्हायला अजून सात महिने होते. जन्मतारीख? एक जून. दुसरी कुठली असणार!

महिनाअखेरपर्यंत कागद आला नाही तर ती जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. "पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले, पण ते ज्या सुरात म्हणाले त्यावरून पुढच्या वर्षी कुणी बघणार नाही हे मलाही कळलं.

हेडमास्तर म्हणाले, "सात महिन्यांनी काय बिघडतंय? आपण शिफारसपत्र देऊ." कांचनचा बाप म्हणाला, "खेळता येतंय ना? मंग वय कशाला मोजून राह्यले?" मला वाटलं आता बाई पेटतील, पुणेकरांशी भांडतील. पण त्या म्हणाल्या, "नियम बराबर हाये."

बापानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"बिलकुल बराबर हाये," बाई म्हणाल्या. "सतराच्या पोरीच्या कागदावर बाप सही करतो. अठराची झाली की ती सोता करते. एवढ्या लांब, परक्या माणसांत पोरगी जाणार, तर सही तिची पाहिजे. अन् गुडघे हायेत ते, ट्रॅक्टरचे टायर न्हाईत, बदलून भेटत न्हाईत. कांचन थांबंल."

कांचन वळली. मैदानाच्या कडेला जाऊन बुटाचे बंद सोडत बसली. बाई तिच्याजवळ गेल्या नाहीत. ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसल्या आणि चहा आला तसा थंड झाला. बाईंचा चहा थंड झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला कांचनची आई, सुमनबाई, पोरीला न्यायला आली. बाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं. सुमनबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण बाई, कांची अठराची झाली की. पोळ्यालाच झाली."

"सतराची झाली, सुमनबाई. पोळ्याला सतरा बास्केट टाकल्या तिनं. मीच मोजल्या."

"तुमी मोजल्या त्या बराबरच असतील. पण पोरगी मी जल्माला घातली न्हाई का?"

बाई खुर्चीतून उठल्या. "मंग इतकी वर्षं बोलला काहून न्हाई?"

"मला वाटलं, एक कमी टाकायचीच रीत असंल तुमच्या खेळात."

मी कपाळावर हात मारला. बाईंनी वही काढली. 'पोळा' असं स्पष्ट लिहिलेलं, पण साल माझ्या रजिस्टरचं. "कोणता पोळा, सुमनबाई? नीट आठवा."

"आठवायचं काय त्यात? माझ्या भावानं बैलं इकून ट्रॅक्टर आणला ना, त्या सालचा पोळा. दारात बैल न्हाई, मंग पुजायचं काय? आमच्या आईनं ट्रॅक्टरलाच शेंदूर लावला, झूल घातली, पुरणपोळी त्याच्या बोनटवर ठिवली. सगळी गल्ली हासून राह्यली होती. अन् तेवढ्यात मला कळा लागल्या."

बाईंनी तिथल्या तिथं सुमनबाईच्या भावाला फोन लावायला लावला. तो अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. फोन स्पीकरवर टाकला. बाई ओरडल्या, "दादा, ट्रॅक्टरचं पुस्तक काढा, जल्दी!" त्या बिचाऱ्याला वाटलं आरटीओचा फोन आहे. "सायेब, पासिंग झालेली हाये," असं तो तीन वेळा म्हणाला. शेवटी बहिणीचा आवाज ऐकून शांत झाला, पेटीतून पुस्तक काढलं आणि साल वाचलं. मी बोटांवर मोजलं. परत मोजलं. माझं रजिस्टर नऊ महिन्यांनी चुकलं होतं आणि बाईंची वही तर चांगली वर्षभरानं.

पहिल्या बाळंतपणाला बाई माहेरी जाते, हे काय मला माहीत नव्हतं? म्हणजे नोंद असेल तर माहेरच्या ग्रामपंचायतीत असणार. एकतीस वर्षांत एकाही आईला मी "माहेर कुठलं?" असं विचारलं नव्हतं. उबाळे बाईंनी शेतातलं पीक विचारलं, नणंदेची हळद विचारली, पण त्यांच्याही डोक्यात ते आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अंबडला गेलो, तिथून जीपनं पुढं. ग्रामसेवकानं जुनं रजिस्टर काढलं आणि दहा मिनिटांत नोंद सापडली. मुलगी, नाव ठेवलेलं नाही, आईचं नाव सुमन. मी पिशवीतून त्या सालचं पंचांग काढलं. श्रावणातली अमावास्या, म्हणजे पोळाच! अहो, मला इतका आनंद झाला की मी त्या ग्रामसेवकाचा हात धरून गदागदा हलवला. सुमनबाई म्हणाली, "मी कालच सांगितलं होतं." तिच्या भावानं आम्हाला जेवायला घातलं आणि तो ट्रॅक्टरही दाखवला. बाईंनी ट्रॅक्टरला नमस्कार केला, थट्टेत नाही, अगदी वाकून.

परत येताना अंबडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. बाई बाकावर टेकल्या. मला वाटलं दमल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, कप गेला."

मला आधी कळलंच नाही. मग मनात वर्षं मोजली. पोरगी आता अठराची, म्हणजे गेल्या हिवाळ्यात ती सतरा पूर्ण झालेली होती. आणि स्पर्धा सतरा वर्षांखालची. राज्याचा तो कप आम्ही वय चुकवून जिंकला होता.

मी क्लार्क माणूस, माझं डोकं लगेच चाललं. "बाई, ऐका माझं. हा जन्मदाखला पुण्याला पाठवा. शाळेच्या रजिस्टरला हात लावू नका. पुण्याचे लोक इकडं बघणार नाहीत, इकडचे लोक पुण्याला बघणार नाहीत. पोरगी जाईल आणि कपही राहील."

"एका पोरीची दोन वयं? पुण्यात अठरा अन् परतुरात सतरा?"

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना आता." मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्या मिशीवाल्या पोराला मी भर मैदानात उठवलं. त्याला मी काय तोंड दाखवू? म्हणू का, की बाबा तुझं लेकरू दिसलं, आमचं वरीस दिसलं न्हाई?"

मी चिडलो. खरं सांगतो, चिडलो. म्हटलं, चूक माझी आहे, तुमची नाही, मग तुम्ही कशाला सोन्यासारखा कप घालवता? बाई म्हणाल्या, "कप माझा असता तर आजच उचलून दिला असता. पोरींचा हाये. त्यांना इचारावं लागंल. त्याचीच भीती वाटून राह्यली." आणि चार फूट दहा इंचांची ती बाई अंबडच्या स्टँडवर, सगळ्या माणसांत, पदरानं डोळे पुसू लागली. सुमनबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी उगाच वेळापत्रकाच्या फळ्याकडं बघत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी संघातल्या सगळ्या मुलींना मैदानात गोल बसवलं. मीही गेलो, कारण चूक माझी, मला तोंड लपवता येईना. बाईंनी काहीच गोड करून सांगितलं नाही. कप जाईल, प्रमाणपत्रं परत करावी लागतील, त्यावर मिळणारे मार्क जातील, पेपरात नाव आलं तसंच हेही येईल. आणि तुम्ही नको म्हटलं तर मी नको म्हणेन, कांचन पुढच्या वर्षी बघेल. कांचन खाली मान घालून बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, मी थांबते. ऱ्हाऊ द्या." एक मुलगी रडायला लागली, मार्कांसाठी रडत होती, आणि त्यात काही गैर नव्हतं.

कप्तान होती शीतल. किराणा दुकानदाराची पोरगी, बोलायला फटकळ. ती मला म्हणाली, "काका, चूक तुमची ना?"

"माझीच गं."

"लेखी देता?"

"देतो."

ती उठून उभी राहिली. "मॅडम, कप कपाटात हाये, तिथं बराबर दिसतो. पण कांचीला काय कपाटात ठिवायचं का? देऊन टाका. आपण परत आणू. मार्कांचं म्हणाल तर मी असंही गणितात नापासच होणार हाये."

रडणारी मुलगीसुद्धा हसली. बाईंनी शिट्टी तोंडात घातली, पण वाजवता येईना. शेवटी म्हणाल्या, "उठा गं भवान्यांनो, सराव कोण करायचा?"

मी लेखी दिलं. 'सदर विद्यार्थिनीची जन्मतारीख मी पुराव्याशिवाय अंदाजाने लिहिली,' असं माझ्याच त्या सुंदर अक्षरात. निवृत्तीला अवघे सहा महिने राहिलेले. हेडमास्तर म्हणाले, "कुलकर्णी, पेन्शन अडकेल." बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी जालन्याच्या ऑफिसात माझ्यासोबत चार खेपा घातल्या आणि प्रत्येक टेबलापाशी सांगितलं, "ह्या माणसानं सोताहून चूक कबूल केली. असा क्लार्क दुसरा दाखवा." मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पेन्शन काही अडकली नाही. रजिस्टरातली तारीख मुदतीच्या चार दिवस आधी दुरुस्त झाली.

करारावर सही करायला पुण्याचे लोक पुन्हा आले. कांचनच्या बापानं सवयीनं पेन हातात घेतलं. बाईंनी ते त्याच्या हातातून काढून पोरीला दिलं. कांचननं सही केली, मराठीत, सावकाश, शेवटच्या 'न'ला लांब शेपटी काढून. बाप आधी गोंधळला, मग मिशीत हसला. त्या संध्याकाळी मैदानावर तिनं एक बास्केट टाकली, एवढ्या वर्षांची राहिलेली, आणि पोरींनी जे बोंबलून घेतलं ते स्टेशनात ऐकू गेलं असेल.

कप स्पर्धेच्या ऑफिसात जमा करा, असं पत्र मे महिन्यात आलं. बाईंना ते पटलं नाही. "टेबलावर ठिवून यायला कप म्हंजी टपाल हाये का?" त्यांनी परवानगी काढली आणि उपविजेत्या शाळेच्या मुलींच्या हातात स्वतः नेऊन द्यायचं ठरवलं. ती शाळा उदगीरकडची. त्यांच्या शिक्षिकेला फोन केला तेव्हा तिला आधी थट्टाच वाटली, मग ती फोनवरच रडायला लागली आणि बाई तिला इकडून समजावू लागल्या, "अवं रडता काय, पेढे आणून ठिवा!"

मी त्या महिनाअखेरीला निवृत्त झालो आणि लेकाकडे राहायला गेलो. बाईंशी बोलणं होतं, पण फोनवरच. कांचनचा सामना असला की दर पाच मिनिटांनी त्यांचा फोन येतो आणि मला सामना बघूच देत नाहीत. प्रत्यक्ष त्यांना शेवटचं पाहिलं ते परतूरच्या स्टेशनवर, त्या कप घेऊन निघाल्या त्या सकाळी.

परभणीकडं जाणारी गाडी लागली होती. कांचन आदल्याच आठवड्यात पुण्याला गेलेली. बाकीच्या सगळ्या पोरी गणवेशात पोचवायला आल्या होत्या, शीतलनं कपाला हळदीकुंकू लावलं होतं. बाईंनी कप उशीच्या अभ्र्यात घातला होता, पण तो एवढा मोठा की दोन्ही कान बाहेर. त्या डब्यात चढल्या, मी खिडकीपाशी उभा राहिलो. बाकावर बोचकं घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं अभ्र्याकडं पाहिलं, कपाच्या कानाला हात लावून पाहिला.

"जिंकून आलीस व्हय गं माय?"

"न्हाई वं, परत द्याया चाल्ले."

"अगं बया! हारल्या काय?"

"हारतो कशाच्या!" बाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की अर्ध्या डब्यानं वळून पाहिलं. तोंडभर हसू, डोळ्यांत पाणी, आणि कप पोटाशी धरलेला. "आमची पोरगी अठराची निघाली!"

म्हातारीला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार. पण बाईंचा चेहरा पाहून ती म्हणाली, "लई चांगलं झालं मंग," आणि बोचकं मांडीवर घेऊन सरकली. बाई बसल्या, कप शेजारी बसवला, आणि गाडी हलली.